कोणत्या सालची?

सेकंडहँड गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला जग दोनच प्रश्न विचारतं. पहिला, ‘केवढ्याला?’ आणि दुसरा, ‘कोणत्या सालची?’ पहिल्याचं उत्तर खिसा देतो. दुसऱ्याचं उत्तर शोधण्यात माझं अर्धं पाचवं सेमिस्टर गेलं. (उरलेलं अर्धं सबमिशनमध्ये गेलं, हे सांगायला नकोच!) मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा लिहिताना मराठी कुठे अडखळली तर सांभाळून घ्या. ‘मॉडेल इयर’ला मराठीत काय म्हणायचं असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, “साल म्हण की, एवढं काय त्यात!” तर मंडळी, ही सालाची गोष्ट.

गाडी कोणती, हे आधीच ठरलं होतं. रॉयल एनफील्डची हिमालयन, जुनी ४११ सीसीवाली. लगेच तुम्ही म्हणणार, “चालली ही लडाखला!” लडाख नाही हो, मला आजीकडे जायचंय. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा, कास पठार ओलांडायचं आणि शिवसागरच्या पाण्याकडे उतरणारा रस्ता धरायचा. डांबर संपलं की आजीच्या वाडीपर्यंत शेवटचे तीन किलोमीटर खडी, माती आणि उतार. पावसाळ्यात त्या वाटेवर ओढ्याचाही तेवढाच हक्क असतो. बाबांची स्कूटर डांबर संपतं तिथे लावून पुढे चालावं लागतं. आजोबा गेल्यापासून आजी तिथे एकटीच असते. साताऱ्याला यायला ती तयार नाही. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला पोचवाव्या लागतात. मागच्या जुलैत तिला ताप आला, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तिच्यापर्यंत पोचायला तिसरा दिवस उजाडला. तेव्हापासून ही गाडी माझ्या डोक्यात बसली. पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर आणि ३२ न्यूटन-मीटरचा टॉर्क, तोही ४००० ते ४५०० आरपीएमच्या आसपास. म्हणजे चढावर इंजिन किंचाळवत न्यायची गरज नाही.

पैसे होते १ लाख २० हजार. त्यात इंटर्नशिपचं स्टायपेंड होतं, दोन वर्षं घेतलेल्या दहावीच्या शिकवण्या होत्या आणि ४० हजार आजीचे होते. तिने म्हैस विकली होती. पैसे हातावर ठेवताना एवढंच म्हणाली, “म्हशीएवढी तरी टिकू दे बाई.” आता सांगा, असे पैसे घेऊन कोणी नुसता रंग बघून गाडी घेईल का?

मग अभ्यास सुरू केला. थर्मोच्या पेपरला केला नव्हता एवढा! एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. हिमालयनचं साल बघणं म्हणजे देशातल्या वाहनकायद्यांचा इतिहास वाचणं. गाडी मार्च २०१६ मध्ये बाजारात आली, ती कार्बोरेटर असलेली, बीएस-३. मग २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. त्याच वर्षी हिमालयन फ्युएल इंजेक्शन घेऊन बीएस-४ झाली. पुढचा नियम एबीएसचा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेल्सना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेल्सना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. हिमालयनला ते २०१८ च्या उत्तरार्धात मिळालं, दोन्ही चाकांना. नंतर देशाने बीएस-५ ची पायरी गाळून थेट बीएस-६ वर उडी घेतली. १ एप्रिल २०२० ची मुदत होती, हिमालयन जानेवारीतच तयार झाली. या गाडीत मागच्या चाकाचं एबीएस बटण दाबून बंद करता येऊ लागलं. २०२१ मध्ये रस्ता दाखवणारा छोटा गोल डायल आला. आणि २०२३ मध्ये ४११ चं पर्व संपून पाण्याने थंड होणारी, ४५२ सीसीची नवी हिमालयन आली. तिची किंमत मी फक्त माहितीसाठी वाचली!

म्हणजे माझ्यापुढे चार गाड्या होत्या. कार्बोरेटरवाली, इंजेक्शनवाली पण एबीएस नसलेली, एबीएसवाली आणि बीएस-६. नाव तेच, आकारही जवळजवळ तोच. दहा फुटांवरून बघितलं तर माझ्यासारखीला फरक सांगता येऊ नये.

घरात दोन पक्ष पडले. पहिला पक्ष मामाचा. मामाचं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ गॅरेज आहे आणि त्याचा इंजेक्शनवर विश्वास नाही. “कार्बोरेटरवाली घे,” तो म्हणाला. “पाऊण लाखात मिळेल. रानात बंद पडली तर पान्हा आणि स्क्रू-ड्रायव्हर, बास! इंजेक्शनचा पंप गेला तर काय करशील? झाडाखाली बसून कॉम्प्युटरची वाट बघशील?”

“पण मामा, किक दोन्हीला नाही. बॅटरी उतरली तर दोन्ही ढकलायच्याच.”

“कार्बोरेटरवाली ढकलल्यावर सुरू होती. इंजेक्शनच्या पंपाला आधी करंट लागतो.”

मुद्दा बरोबर होता. पण माझ्याकडेही एक मुद्दा होता, थेट आय.सी. इंजिनच्या वहीतला. आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं एक भोक. पेट्रोल बदललं म्हणून ते आपोआप मोठं होत नाही. मग मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि थंडीत सुरू व्हायला कुरकुरतं. इंजेक्शनवाल्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. तो बघतो आणि ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो.

मामा हसला. “मेन जेट एक नंबर मोठा टाकून देतो, झालं तुझं ई-२०.” पण दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाला, “इथेनॉल पाणी धरतं हे मात्र खरं. चार-चार महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांचे कार्बोरेटर हल्ली सारखे माझ्याकडे येतात.” मामाकडून एवढं कबूल करून घेणं म्हणजे व्हायवात एक्स्टर्नलने मान डोलावण्यासारखं आहे.

दुसरा पक्ष आईचा. तिची एकच अट होती, एबीएस. तिला त्याचा लाँगफॉर्म माहीत नाही. पण यवतेश्वरच्या घाटात पावसात ब्रेक दाबल्यावर स्कूटरचं पुढचं चाक कसं सटकतं, हे तिने बाबांच्या मागे बसून अनुभवलंय. चाक लॉक झालं की ते फिरायचं थांबून घसरायला लागतं. घसरणाऱ्या चाकाची पकड कमी असते आणि हँडल फिरवूनही गाडी वळत नाही. एबीएस चाकाचा वेग सतत मोजत राहतं आणि चाक लॉक व्हायला लागलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडून परत देतं. “म्हणजे तुझ्या बाबांपेक्षा हुशार,” आई म्हणाली. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

आईची अट मान्य केल्यावर पहिल्या दोन गाड्या आपोआप बाद झाल्या. निदान मला तसं वाटलं. कारण लगेचच कऱ्हाडची एक गाडी बघायला गेलो. मालक म्हणाले, “२०१८ मॉडेल, ताई. एकदम घरातली गाडी.” ९५ हजार सांगितले. गाडी चकचकीत होती. मामाने इंजिनचा आवाज ऐकला, मी चाकाशी बसले. एबीएस असेल तर डिस्कजवळ दातेरी कड्यासारखी एक छोटी रिंग असते आणि सेन्सरची वायर वर जाते. तिथे रिंगही नाही आणि वायरही नाही. चावी फिरवली तर मीटरवर एबीएसचा दिवा नाही. आरसी बुक मागितलं. रजिस्ट्रेशन फेब्रुवारी २०१८, पण निर्मितीचा महिना १२/२०१७! मालक खोटं बोलत नव्हते. त्यांच्यासाठी गाडी २०१८ चीच होती, कारण त्यांनी ती तेव्हा घेतली होती. पण कारखान्यातून गाडी कधी बाहेर पडली आणि कागदावर कधी चढली, या दोन तारखांमध्ये काय काय राहून जाऊ शकतं, ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. तुम्ही कोणतीही जुनी गाडी घ्या, आरसीवरचा निर्मितीचा महिना आधी वाचा. ‘मॉडेल’ हा शब्द विकणाऱ्याचा असतो, महिना कारखान्याचा.

आता खरा प्रश्न उरला, २०१८-१९ ची एबीएसवाली की २०२० नंतरची बीएस-६. आजीच्या वाटेचा शेवटचा उतार सुट्या खडीचा आहे. खडीवर मागचं चाक थोडं लॉक झालं तर त्याच्यापुढे खडीचा ढीग साचतो आणि गाडी लवकर थांबते. एबीएस ते होऊ देत नाही, म्हणून गाडी जास्त लांब जाते. बीएस-६ मध्ये बटण दाबलं की मागचं एबीएस बंद. म्हणजे माझ्या रस्त्यासाठी तीच योग्य. पण वजन १९९ किलो. मी ५३ किलो, तेही जेवल्यानंतर!

मामाच्या एका मित्राकडे २०२१ ची होती. त्यांनी ती गॅरेजच्या मागे पोत्यांवर हळूच आडवी केली आणि मामा म्हणाला, “उचल. उचलता आली तर घ्यायची.” गाडीकडे पाठ करायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचं कॅरिअर धरायचं, कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. पहिल्यांदा हलली नाही. दुसऱ्यांदा अर्ध्यात आली. तिसऱ्यांदा उभी राहिली आणि गॅरेजमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वजनाचं कारण सांगून सुटता आलं असतं, पण उचलली ना!

उरलं एकच कारण, पैसे. बरी बीएस-६ दीड लाखाच्या खाली कोणी सांगत नव्हतं. बाबा म्हणाले, “वरचे तीस हजार मी बघतो.” बाबा ‘बघतो’ म्हणतात तेव्हा कुठून बघणार, हे मला माहीत असतं. धाकट्या भावाचं यंदा बारावीचं वर्ष आहे. एका बटणासाठी तीस हजार? मी त्या उताराचा विचार केला. तिथे मी वेगात उतरणारच नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकिंगवर उतरणार. एबीएस खरं लागणार ते घाटातल्या ओल्या डांबरावर, आणि तिथे ते दोघींनाही आहे. म्हटलं, बाबा, राहू द्या.

शेवटी सातारारोडजवळ एक मिळाली. निर्मिती ०१/२०१९, किलोमीटर १४ हजार, दोन्ही चाकांना एबीएस. रिंग बघितली, वायर बघितली, चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि गाडी चालायला लागल्यावर विझतो हेही बघितलं. टायरवर ४५१८ असे चार आकडे, म्हणजे २०१८ चा ४५ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर दगडासारखं कडक. पुढचं चाक उचलून हँडल हलवलं तर मध्यभागी खटका बसत होता, म्हणजे कोनसेट गेलेला. हे सगळं मामाने मालकांना शांतपणे दाखवलं आणि १ लाख १८ हजाराची गाडी १ लाख ८ हजारावर आली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडीवर कर्ज नव्हतं, चलन बाकी नव्हतं. उरलेल्या १२ हजारांत दोन टायर, कोनसेट, ब्रेक ऑइल आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या. ई-२० ला चालतील अशा गाड्या १ एप्रिल २०२३ पासून निघायला लागल्या, आपली त्या आधीची. म्हणून नळ्यांवर दर सर्व्हिसिंगला नजर ठेवायची, हा मामाचा हुकूम.

तर मित्रांनो, ‘सगळ्यात चांगलं साल कोणतं?’ असं मला आता होस्टेलवर विचारतात. मी उलटं विचारते, रस्ता कोणता, दुरुस्ती कोण करणार आणि पैसे कोणाचे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की साल आपोआप पुढे येतं. माझं २०१९ आलं. तुमचं वेगळं येईल आणि तेही बरोबरच असेल.

गाडी माझ्या नावावर झाली. दोनदा वाडीवर जाऊनही आले, थेट अंगणापर्यंत. आजीने पहिल्यांदा गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली आणि विचारलं, “दिवसाला किती पिते?” लिटरला तीस किलोमीटर जाते म्हटल्यावर म्हणाली, “म्हशीपेक्षा बरी.” येत्या शनिवारी तिला डोळे तपासायला साताऱ्याला आणायचंय. मागे बसायला ती तयार झालीय. हेल्मेटही घालीन म्हणते, पण आतून पदर घेऊन!