जुन्या पल्सरचे मागचे शॉकअप

रविवार, 2 नोव्हेंबर 2025

गाडी धुताना उजव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलसर पट्टा दिसला. पुसला. दुपारी रविवार कारंजावरून भाजी घेऊन आलो, तोवर पट्टा पुन्हा उमटला होता. म्हणजे सील गेले. डावा कोरडा आहे, पण त्यावरही विश्वास बसेना. ग्रॅब रेल धरून गाडीची शेपटी दाबली आणि सोडली. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येते आणि जागच्या जागी स्थिरावते. ही तीनदा हलली.

गाडी 2004 ची, पल्सर 150, पासिंग एमएच 15. इंजिन अजून ठणठणीत आहे, त्यामुळे मागच्या बाजूकडे लक्ष जात नाही. चालवणाऱ्याला खराब शॉकअपची झळ कमी लागते. मागे बसणारा जवळजवळ चाकाच्या आसावरच बसलेला असतो, आणि चाकाला बसलेला प्रत्येक दणका थेट त्याच्या मणक्यात जातो. सौ. गेल्या पावसाळ्यापासून म्हणते आहे, "अहो, खड्डा आला की आधी सांगत जा, मी उठून बसेन." सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी रस्ते उकरलेले आहेत. किती वेळा सांगणार?

मंगळवार, 4 नोव्हेंबर

मिस्त्रीकडे गेलो. त्याने दांड्यावर बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, सील आणि तेल बदलून देतो, दोन वर्षं बघायला नको." स्वस्त उपाय आहे, आणि दांडा गुळगुळीत असेल तर वाईटही नाही. पण उजव्याच्या दांड्यावर गंजाचे बारीक टिपके आहेत. नखाला लागतात. अशा दांड्यावर नवे सील महिनाभरात कापले जाते.

संध्याकाळी पुतण्या आला. तो स्वीडनच्या ओहलिन्सचे नाव घेऊन बसला. केंट ओहलिन यांनी 1976 मध्ये सुरू केलेली ही कंपनी, शर्यतीच्या जगात तिचा दरारा मोठा. पण त्यांच्या एका जोडीच्या किमतीत माझ्यासारख्या दोन जुन्या गाड्या येतील. आणि मला शर्यत लावायची नाही. मला दोन माणसे वणीला न्यायची आहेत.

माझ्या मनात वेगळेच आहे. बजाजने 2001 मध्ये पल्सर आणली, 2003 मध्ये डीटीएस-आय इंजिन दिले, आणि 2005 मध्ये गाडीच्या मागच्या बाजूत खरा बदल केला. चाके 18 इंचांवरून 17 इंचांवर आली, गाडी 12 मिलिमीटर खाली बसली आणि मागे नायट्रॉक्स शॉकअप आले: नायट्रोजन वायू भरलेले, पाच खाचांचे. माझ्या गाडीनंतर वर्षभरातच. जुन्या पल्सरवर ही जोडी चढवणारे बरेच जण आहेत आणि तिची शिफारस मीही ऐकत आलो आहे. फक्त माझे चाक 18 चे आहे. म्हणून लांबी आधी मोजायची, पैसे नंतर काढायचे.

बुधवार, 5 नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. त्र्यंबकला रथोत्सव, रस्ता गर्दीचा, म्हणून गाडी बाहेर काढली नाही. वायू कशासाठी हवा, ते शांतपणे लिहून ठेवतो, कारण परवा एकाने विचारले तेव्हा नीट सांगता आले नाही.

स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का पोटात घेते, पण घेतलेला धक्का ती परत फेकते. तिला आवरण्याचे काम तेलाचे. शॉकअपच्या नळीत एक दट्ट्या असतो, त्याला बारीक भोके असतात. त्यांतून तेल जोराने जाते, त्याला अडथळा होतो आणि धक्क्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. साध्या शॉकअपमध्ये तेलाच्या वर थोडी हवा असते. सलग खडबडीत रस्त्यावर ती तेलात घुसळली जाते, फेस होतो आणि भोकांतून तेलाऐवजी फेस जायला लागतो. मग दट्ट्याला काही अडवत नाही. सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर गाडी बरी वाटते आणि नंतर डोलू लागते, त्याचे कारण हे.

फ्रान्समधल्या ख्रिश्चन बूर्सिए द कार्बों या अभियंत्याने 1950 च्या दशकात यावर तोड काढली. तेल आणि वायू वेगळे ठेवायचे आणि वायू दाबाखाली भरायचा, म्हणजे तेलावर सतत दाब राहतो आणि फेसाला वाव उरत नाही. नायट्रोजन अशासाठी की तो कोरडा असतो, आत गंज धरत नाही. पल्सरच्या शॉकअपला शेजारी जी छोटी डबी असते ती या वायूची. ती कधीही भोक पाडून किंवा कापून उघडू नये. आत दाब आहे, माणूस जखमी होईल.

शनिवार, 8 नोव्हेंबर

जोडी घेतली. नवी, डब्यातली. जुन्या बाजारात घासून रंगवलेली जोडी निम्म्या किमतीत मिळत होती, पण एकाच्या डोळ्याला (बोल्ट जातो त्या कड्याला) वेल्डिंगचा टाका दिसला. त्या डोळ्यावर दोन माणसांचा जीव टांगलेला असतो. नको.

वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत टेप लावून माझे जुने आणि हे नवे मापले. फरक दोन-तीन मिलिमीटरचा, चालण्यासारखा. शॉकअप जास्त लांब लावला की गाडीची शेपटी उचलते, पुढचा फोर्क उभा होतो, हँडल चंचल होते, चेन चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या काट्याला) घासू लागते आणि डबल स्टँडवर लावलेल्या गाडीचे चाक जमिनीलाच टेकते. उंचीसाठी शॉकअपखाली लोखंडी पट्टीची लिंक जोडणारी मुले मी पाहतो. त्यांना हात जोडून सांगावेसे वाटते की ती पट्टी काढा.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 डोक्यात होते. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला ते मनाई करते. आर.सी.वर शॉकअपची नोंद नसते आणि ही जोडी त्याच घराण्याच्या गाडीची आहे, त्यामुळे मी निश्चिंत आहे.

येताना अंबडवरून आलो. तिथे गॅब्रियलचा कारखाना आहे, दुचाकीचे शॉकअप आणि फोर्क बनवणारा. कंपनी 1961 ची, सुरुवात मुलुंडला झाली. इकडे वाळूजला एन्ड्युरन्स, 1985 पासून बजाजला माल पुरवणारी. चाकणला गाडी, वाळूज आणि अंबडला तिचे सांधे. देशभरातल्या गाड्यांना झेलणारी ही वस्तू आपल्या दारात घडते आणि तिच्या सेवाकाळाचा विचार आपल्याकडे इंजिन ऑइलइतकाही होत नाही, याची खंत वाटते.

रविवार, 9 नोव्हेंबर

मिस्त्री घरी आला. शॉकअप खोलण्याआधी मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले. टकटक आवाज आला. चिमट्याचे बुश झिजले आहेत. ते तसेच ठेवून नवे शॉकअप बसवले असते तर वळणावर मागचे चाक स्वतःच्या मनाने चालले असते, आणि दोष शॉकअपला गेला असता. बुश आणून व्हाइसमध्ये दाबून बसवण्यात सगळी सकाळ गेली.

शॉकअप चढवायला अर्धा तास पुरला. डबी सायलेन्सरला किंवा साइड पॅनेलला कुठे घासत नाही ना, ते चाक वर-खाली करून पाहिले. नट आधी हातानेच लावले, गाडी चाकावर उभी केली आणि मग पान्याने आवळले. नाहीतर डोळ्यातले रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. मिस्त्रीला हे ठाऊक होते. मला फार बरे वाटले.

बुधवार, 12 नोव्हेंबर

आज माप. सौ. मदतीला. आसाच्या मध्यापासून ग्रॅब रेलवरच्या खुणेपर्यंत: चाक अधांतरी असताना 412 मिलिमीटर, गाडी चाकावर 401, मी वर बसल्यावर 371. म्हणजे माझ्या वजनाने गाडी 41 मिलिमीटर बसते. मागच्या चाकाला वर-खाली व्हायला शंभरच्या आसपास मिलिमीटर मिळतात. त्यातला तिसरा हिस्सा स्वार बसल्यावर खर्च व्हावा, उरलेला खड्ड्यांसाठी. एक खाच चढवली, 34 आले. पुरे.

खाच चढवली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, ही समजूत गॅरेजांतही घट्ट आहे. स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते. आपण फक्त तिला आधीपासून दाबून ठेवतो, त्यामुळे गाडी उंच उभी राहते. मागे माणूस बसणार असेल तर आणखी दोन खाचा. चेनचा ढिलेपणाही माणूस बसवूनच तपासला.

रविवार, 16 नोव्हेंबर

पेठ रोड, सावळ घाट. एकटाच. मागच्या टायरमध्ये 28 पौंड हवा. पहिल्या गतिरोधकावर वाटले, गाडी जुन्यापेक्षा कडक आहे. घाटात कारण कळले. वळणात उखडलेल्या पट्ट्यावर पूर्वी मागचे चाक उड्या मारत बाहेर सरकायचे; आज ते रस्ता सोडत नव्हते. ब्रेक लावला की तेच. गादीसारखा मऊपणा म्हणजे चांगला शॉकअप, ही माझीही सवयीची अपेक्षा होती. चाक जमिनीला टेकलेले राहते की नाही, एवढेच पाहायचे. एक उणीव मात्र उघड झाली: पुढचा फोर्क आता मागच्याच्या मानाने ढिला वाटतो. त्याचे तेल बदलायला टाकणार.

रविवार, 23 नोव्हेंबर

वणी. सौ. मागे, हवा 32, खाच चौथी. दिंडोरी ओलांडली, पुढेही ती काही बोलली नाही, म्हणून मीच विचारले. "चला, थांबू नका," म्हणाली. पूर्वी या रस्त्यावर दोनदा तरी उतरून कंबर मोकळी करावी लागे.

वणीत चहाच्या टपरीपाशी एक तरुण बायको आणि दोन मुलांना घेऊन शंभर सीसीच्या गाडीवरून उतरला. मला राहवले नाही. त्याला विचारून त्याची सीट दाबली. गाडी चार वेळा हलली, दोन्ही दांडे तेलकट. त्याला सारे सांगितले, त्याने ऐकून घेतले. तुमच्याही मागे कुणी बसत असेल, तर आजच सीट दाबून सोडा. गाडी एकाहून जास्त वेळा हलली तर शॉकअप बदला, आणि बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.