धुराची बातमी

मॉन्त्रोची गोष्ट मला आता तोंडपाठ आहे. डीप पर्पल ह्या रॉक बँडमधल्या कुणाचीही मुलाखत काढा, साल 1975 असो की 2024, विचारणारा फिरूनफिरून तिथंच येतो आणि सांगणाराही, कितीही कंटाळला असला तरी, पुन्हा सांगतो. 4 डिसेंबर 1971. जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या मॉन्त्रो गावातला कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद व्हायचा होता आणि रिकाम्या झालेल्या त्या वास्तूत हे पाच ब्रिटिश 'मशीन हेड' अल्बमचं रेकॉर्डिंग करणार होते. रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी भाड्यानं आणलेली. त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम फ्रँक झापाचा. गर्दीतल्या कुणीतरी छताच्या दिशेनं फ्लेअर गन झाडली, छत पेटलं. मॉन्त्रोच्या जॅझ महोत्सवाचा क्लोद नोब्स पोरांना बाहेर काढत राहिला. माणसं वाचली, कॅसिनो गेला. पर्पलवाले दुरून, खिडकीतून, पाण्यावर पसरत जाणारा धूर बघत बसले.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. बिऱ्हाड हललं ते पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात. तिथं एका नव्या चालीचं रेकॉर्डिंग चालू असताना आवाजानं गावाची झोप उडाली, पोलीस आले, आणि बँडचे मदतनीस आतून दारं दाबून उभे राहिले, चाल पुरी होईपर्यंत. मग मिळालं ग्रँड हॉटेल: हिवाळ्यात बंद पडलेलं, थंडगार, निर्मनुष्य. कॉरिडॉरमध्ये ड्रम मांडले, आवाज घुमू नये म्हणून गाद्या उभ्या केल्या. रेकॉर्डिंगची गाडी खाली रस्त्यावर. वाजवलेलं ऐकायचं म्हणजे खोल्यांतून, बाल्कन्यांतून वाट काढत, थंडीत कुडकुडत गाडीपर्यंत जायचं. थोड्याच दिवसांत त्यांनी जाणंच सोडून दिलं. बरं वाजलं असं वाटलं की पुढच्या गाण्याला हात घालायचा. त्या अल्बमचा मोकळेपणा मला ह्या आळसातून आलेला वाटतो, आणि मला कुणी तज्ज्ञ म्हणत नसल्यामुळे मी हे बिनधास्त म्हणू शकतो.

आगीनंतर काही दिवसांनी सकाळी जागं होताना बेसवाला रॉजर ग्लोव्हर चार शब्द पुटपुटला. ते गाण्याचं नाव झालं: 'स्मोक ऑन द वॉटर'. पॅव्हिलियनमधली ती अर्धवट चाल पडून होतीच. गाण्याचे शब्द नीट वाचले तर ती निव्वळ बातमी आहे. गाव कुठलं, कार्यक्रम कुणाचा, आग कशी लागली, माणसं कुणी वाचवली, नंतर मुक्काम कुठं पडला. उपमा नाही, उसासा नाही. सरळ वार्ताहराचं काम. आपल्याला हिट सापडलंय असं त्यांतल्या कुणालाही वाटलं नव्हतं. सिंगल म्हणून पुढं काढलं ते दुसरंच गाणं, 'नेव्हर बिफोर'. गिटारवाला रिची ब्लॅकमोर मुलाखतींत थट्टेनं म्हणत आला आहे की 'स्मोक'ची धून म्हणजे बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीला उलटं केलंय, आपण त्याचं देणं लागतो.

पण पन्नास वर्षं सांगून सांगून ही गोष्ट कीर्तनकाराच्या आख्यानासारखी झाली आहे. कुठं थांबायचं, कुठं हशा घ्यायचा, सगळं ठरलेलं. 'फ्लेअर गन'पाशी ग्लोव्हर किंचित थांबतो. पुढचा प्रश्न विचारणारासुद्धा तिथं थांबतो. त्यात खोटं काही नाही. फक्त ती आता सांगणाऱ्याची राहिलेली नाही. म्हणून जुन्या मुलाखती वाचताना मी मॉन्त्रो पुढं ढकलतो आणि जिथं उत्तरं बदलत गेली तिथं रेंगाळतो.

ब्लॅकमोर आणि गायक इयन गिलन यांचं उदाहरण घ्या. गिलन 1973 मध्ये बाहेर पडला, 1984 मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले, 1989 मध्ये त्याला काढलं, 1992 मध्ये परत बोलावलं. मग नोव्हेंबर 1993. बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू होतं. ब्लॅकमोर पहिल्या गाण्याला वेळेवर आलाच नाही, आणि आला तेव्हा त्यानं कॅमेरावाल्यावर पाणी फेकलं. हे सगळं पडद्यावर दिसतं. काही दिवसांनी हेलसिंकीचा कार्यक्रम वाजवून तो कायमचा गेला. त्या सुमाराच्या मुलाखतींत दोघंही नुसते दात-ओठ खातात. गिलनच्या नंतरच्या मुलाखतींत मात्र हळूहळू दोष दोघांच्याही वाट्याला येऊ लागतो, ब्लॅकमोरच्या बोटांचं कौतुक आधी येतं आणि तक्रार मागून. घटना तीच, सांगणारा म्हातारा झालेला. मला ह्या बदलाचा मोह पडतो. कुणी कबूल करत नाही, पण वाक्यांचा क्रम बदललेला असतो.

जॉन लॉर्डच्या बाबतीत तर कागदच हरवला होता. ऑर्गनवर बसणाऱ्या ह्या माणसानं बँड आणि वाद्यवृंद यांच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला, आणि 24 सप्टेंबर 1969 ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये माल्कम आर्नल्ड यांच्या हाताखाली रॉयल फिलहार्मोनिकनं तो वाजवला. ब्लॅकमोरला हे प्रकरण पसंत नव्हतं. त्याच्या हट्टातून पुढच्या वर्षी 'इन रॉक' अल्बमचा धडाका आला. 1970 मध्ये एकदा अमेरिकेत कॉन्चेर्तो वाजला आणि नंतर मूळ स्वरलिपी गहाळ झाली. मार्को दे हूय नावाच्या डच संगीतकारानं ध्वनिमुद्रण ऐकून आणि चित्रफीत बघून, एकेका वाद्याचा सूर कागदावर उतरवत ती पुन्हा उभी केली आणि लॉर्डच्या हातात नेऊन दिली. सप्टेंबर 1999 मध्ये त्याच हॉलमध्ये कॉन्चेर्तो पुन्हा वाजला. व्हायोलिनं, बासऱ्या, शिंगं एकमेकांत मिसळलेली असताना त्यांतलं एकच वाद्य कानानं वेगळं काढायचं! जुनं जपणं म्हणतात ते हे, मुलाखतींची कात्रणं चिकटवणं नव्हे.

'मेड इन जपान' मी कॉलेजात असताना एका मित्राकडून कोऱ्या कॅसेटवर भरून घेतला होता. ऑगस्ट 1972 मधले ओसाका आणि टोकियोचे कार्यक्रम. त्यात गिलन साउंडवाल्याला सांगतो की सगळंच सगळ्यापेक्षा मोठ्यानं हवं. आमच्या घरात मात्र तो हलक्या आवाजातच लागायचा. 'चाइल्ड इन टाइम' सुरू झालं, आधी ऑर्गन, मग गिलनचा तो चढत चढत जाणारा सूर, आणि वर पोचल्यावरची किंकाळी. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, कुणाला भाजलं-बिजलं काय?" मी टेपच्या आवाजाचं बटण आणखी खाली केलं. ती किंकाळी कमी आवाजात जास्त भयाण वाटते.

त्या गाण्याच्या ऑर्गनची धून उसनी आहे हे मला पुष्कळ नंतर, गिलनच्याच मुलाखतीतून कळलं. सान फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' बँडची व्हायोलिनवरची एक द्रुत रचना लॉर्ड तालमीत वाजवत होता, त्यांनी ती संथ केली. गिलन हे लपवत नाही, उलट खुशीत सांगतो. त्या बँडनंही पर्पलची एक चाल उचलून हिशेब चुकता केला होता. त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. 1995 मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले, आणि त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण नंतर बाहेर आलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं. उसनवारीची इतकी जाहीर पावती माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

आपल्याशी त्यांचा आणखी एक धागा आहे, त्याबद्दल ते फार कमी बोलतात. अंतराळवीर कल्पना चावला पर्पलची चाहती होती. 'कोलंबिया' यानातून जाताना तिनं त्यांच्या सीडी बरोबर नेल्या होत्या. तिकडून तिचे आणि बँडचे ई-मेल चालू होते. एका सकाळी तिला उठवायला 'स्पेस ट्रकिन' वाजवलं गेलं. 1 फेब्रुवारी 2003 ला यान परतलं नाही. ब्लॅकमोरनंतर आलेल्या स्टीव्ह मोर्सनं, जो स्वतः विमान चालवणारा, त्या बातमीवर 'कॉन्टॅक्ट लॉस्ट' रचलं. जेमतेम दीड मिनिटाचं, शब्दांविना. 'बनानाज'च्या शेवटी ते आहे. ह्या वेळी बातमीला शब्द दिले नाहीत हे त्यांनी योग्य केलं.

बँड अजून चालू आहे. लॉर्ड 2012 मध्ये गेला. मोर्स आजारी पत्नीसाठी 2022 मध्ये थांबला, सायमन मॅकब्राइड आला, 2024 मध्ये नवा अल्बमही निघाला. 1968 पासून प्रत्येक अल्बमवर असलेला एकटा इयन पेस, ड्रमवाला, आणि मुलाखतीत सगळ्यांत कमी नाटक करणाराही तोच.

आणि एक जण अजिबात बोलत नाही. रॉड इव्हान्स, पहिला गायक. 1980 मध्ये काही लोकांनी त्याला पुढं करून डीप पर्पलच्या नावानं खोटा बँड काढला, कार्यक्रम केले, लोकांनी गोंधळ घातला. खटला झाला, 6 लाख 72 हजार डॉलरचा दंड बसला आणि पहिल्या अल्बमांचं मानधनही गेलं. त्यानंतर तो लोकांसमोर आलेला नाही. 2016 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्याचंही नाव घेतलं, तो गेला नाही. (ब्लॅकमोरही गेला नाही, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.) अधूनमधून कुणीतरी पत्रकार इव्हान्सला शोधायला निघतो. शोधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला त्याचा आवाज हवा त्यानं 1968 चं 'हश' लावावं. अमेरिकेत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पाच वर्षांनी 'स्मोक ऑन द वॉटर' गेलं तेही चौथ्याच क्रमांकापर्यंत.