पाठीमागच्या पाण्याचा हिशेब

बागेच्या रिटेनिंग वॉलला,

तू अजून कागदावरच आहेस. लांबी ४० फूट, जमिनीवर उंची ४ फूट, खाली दीड फूट पाया. यवतमाळसारख्या चढउताराच्या गावात परसबाग सपाट करायची तर वरच्या अंगाची माती कुणीतरी धरून ठेवायला हवी, आणि ते काम तुझं. पण तुझं एस्टिमेट मागितलं की दगड, रेती, सिमेंट आणि मिस्त्रीची मजुरी एवढंच लिहून मिळतं. म्हणजे समोरून दिसतं तेवढं. मला तुझ्या पाठीबद्दल लिहायचं आहे.

तुझ्या पाठीशी काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून थेट तुझ्या पायाशी उतरतं. मागे ४ फूट पाणी तुंबलं तर तुझ्या सगळ्या लांबीवर मिळून सुमारे ९ टनांचा रेटा येतो, मातीचा वेगळाच. मागे तळं असो की बोटभर फट, पाण्याचा रेटा उंचीवर ठरतो. २२ जुलै २०२३ ला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाला बोलवावं लागलं. तशा पावसात तुला उभं राहायचं आहे.

आधी तुझ्या अंगाचा हिशेब. माथ्यावर जाडी दीड फूट, जमिनीलगत अडीच, सरासरी २. म्हणून वरचं बांधकाम ३२० घनफूट. पाया ३ फूट रुंद धरला तर १८० घनफूट. एकूण ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास. ढिगात पोकळी असते, घडवताना चिपा उडतात, तेव्हा दगड सव्वासहा ब्रास मागवावा, आणि प्रत्येक ट्रॉली टेप लावून मोजून घ्यावी. १०० घनफूट भरली तरच ती ब्रास. एकास पाचच्या मसाल्याला सिमेंटच्या २९ बॅगा, पायाखालच्या सहा इंची काँक्रीटला आणखी ७. दोन्ही मिळून रेती सव्वादोन ब्रास. पाया मात्र काळ्या मातीत बसवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत खणायचं. तेवढ्यात मुरूम लागला नाही तर दर अर्ध्या फुटाला ६० घनफूट बांधकाम वाढतं, ते आधीच धरून ठेवलेलं बरं.

आता पाठ. तुझ्यालगत फूटभर जाडीचा गिट्टीचा थर, त्यामागे २ फूट मुरूम, थराथराने ओला करून कुटलेला. दोन्ही ३ फूट उंचीपर्यंत. गिट्टी आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्सटाइल कापड, नाहीतर बारीक माती गिट्टीत शिरून ती बुजते. खोदलेली काळी माती परत पाठीशी भरायची नाही. ती फक्त वरच्या एका फुटात, मोगऱ्यासाठी आणि कढीपत्त्यासाठी. पायाखालच्या काँक्रीटची धरून गिट्टी २ ब्रास लागेल, मुरूम कुटल्यावर बसतो म्हणून ३ ब्रास. पाणी बाहेर काढायला तीन इंची पाइपाचे १६ तुकडे, दोन ओळींत, दर पाच फुटांवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. त्यासाठी २० फुटी दोन पाइप पुरतात.

पैसे कमी पडले की पहिली काट नेमकी याच ओळींवर बसते, कारण गिट्टी आणि मुरूम मातीखाली जातात, कुणाला दिसत नाहीत. हे मला मान्य नाही. काटायचंच असेल तर तुझी उंची एक फुटाने काटावी. ४ चे ३ फूट केले की पाण्याचा रेटा ९ टनांवरून ५ टनांच्या आसपास येतो, दगड-सिमेंटही वाचतं. बाग थोडी उतरती राहील, राहू दे. उलट कुणी तुला पाच-सहा फुटांवर न्यायचं म्हणालं, तर इंजिनिअरच्या ड्रॉइंगशिवाय कुदळ मारायची नाही.

तुला बांधायचं दिवाळीनंतर. मे महिन्यात इथे सांधे तापून कोरडे पडतात आणि दहा दिवस पाणी मारायला टँकर बोलवावा लागतो. हिवाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं बहुधा भरलेली असतात. अडचण रेतीची. घाटांचे लिलाव लांबले की भाव चढतो आणि काम पायावरच थांबतं, उघडा चर अवकाळी पावसात भरतो. म्हणून दगड मागाहून आला तरी चालेल, पण रेती अंगणात पडल्याशिवाय तुझी लाइन आखणार नाही.

तुझा,
एक यवतमाळकर