नॉर्वेचा राजमार्ग

नॉर्वे या नावाचा मूळ अर्थ ‘उत्तरेकडची वाट’ असा असल्याचे मानले जाते. ही वाट जमिनीवरची नव्हे, तर किनाऱ्यालगतच्या पाण्यातली होय. ज्या देशाने वाटेवरून आपले नाव घेतले, तो त्याच वाटेने जाऊन पाहावा, हे उचितच नाही का?

नकाशा उघडून पाहा. या देशाच्या किनाऱ्याला इतक्या चिरा पडल्या आहेत की, बेटांचे काठ धरून मोजल्यास त्याची लांबी एक लाख किलोमीटरांहून अधिक भरते. या चिंचोळ्या खाड्यांना ‘फ्योर्ड’ म्हणतात. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर कोरून खोल दऱ्या पाडल्या आणि बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र शिरला. सोग्ने फ्योर्ड अशीच २०० किलोमीटरांहून अधिक आत गेली असून एके ठिकाणी तिची खोली १,३०० मीटरांपेक्षाही जास्त आहे. पाणी इतके खोल असल्यामुळे मोठी जहाजेही उंच कड्यांच्या अगदी जवळून जाऊ शकतात.

मात्र ही वाट केवळ हौशी प्रवाशांसाठी निर्माण झालेली नाही. एके काळी उत्तरेकडील गावांना हिवाळ्यात पत्र मिळण्यास महिनोन्महिने लागत. कारण काळोखात, खडकांच्या दाटीतून जहाज हाकण्यास कोणी धजत नसे. रिचर्ड विथ या कप्तानाने ते धाडस अंगावर घेतले. १८९३ च्या जुलैमध्ये त्याचे ‘वेस्टरॉलेन’ हे वाफेचे जहाज ट्राँडहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाले आणि नियमित फेऱ्या सुरू झाल्या. ‘हुर्टिग्रूटेन’, म्हणजे ‘जलद मार्ग’, हे या सेवेचे नाव. आज ती बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत चालते आणि ३४ बंदरांना लागते. जहाजात आपल्या शेजारी गावोगावचे रहिवासी बसलेले असतात आणि खाली मालाची चढउतार चाललेली असते.

वाटेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. लोफोटेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता, लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात वाळवितात. याच सुक्या मासळीच्या व्यापारावर बर्गनच्या धक्क्यावरील लाकडी वखारी उभ्या राहिल्या. नॉर्थ केप येथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. हिवाळ्यात तो उगवत नाही. परंतु मग आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे झुलू लागतात. आणि अटलांटिकच्या उष्ण प्रवाहामुळे इतक्या उत्तरेलाही ही बंदरे गोठत नाहीत!

आता या चित्राची दुसरी बाजू. गायरँगर फ्योर्डला २००५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तिच्या टोकाला जेमतेम काहीशे वस्तीचे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे हजारो प्रवाशांची अवाढव्य जहाजे येतात, आणि त्यांचा धूर दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये कोंडून राहतो. गावाची मिळकत या पाहुण्यांवर चालते आणि त्यांच्याच येण्याने गावाची हवा बिघडते, असा हा पेच आहे. तो सोडविण्यासाठी नॉर्वेने नियम केला: वारसा लाभलेल्या फ्योर्डांत १० हजार टनांखालील प्रवासी जहाजांना २०२६ पासून धूर सोडण्यास मनाई आहे, मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत दिली आहे. विजेवर चालणाऱ्या नावा तर नॉर्वेत २०१५ पासूनच माणसे आणि मोटारी पलीकडे पोहोचवीत आहेत.

तेव्हा वाचकहो, कधी हा योग आलाच, तर ऐषारामाच्या तरंगत्या नगरीपेक्षा बंदरोबंदरी थांबत जाणारे लहान जहाज निवडावे. लोकरीचे कपडे उन्हाळ्यातही बरोबर ठेवावेत आणि सकाळी लवकर डेकवर यावे. निसर्ग तर दिसेलच. पण ज्या पाण्याने गावे एकमेकांपासून तोडली, त्याच पाण्याला माणसांनी आपला रस्ता कसा केला, हेही दिसेल. तो रस्ता निर्मळ राखण्याचे काम मात्र त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचे आहे.