साक्षीदाराला सगळं आठवतं

जीन वुल्फ या अमेरिकी लेखकाची ‘द बुक ऑफ द न्यू सन’ ही चार खंडांची कादंबरी १९८० ते १९८३ या काळात आली. तिच्या वाचकांचं अजून एकमत झालेलं नाही. विज्ञान-अद्भुताच्या प्रांतात याहून मोठं काही लिहिलं गेलं नाही, असं काही जण शपथेवर सांगतात. काही जण पहिला खंड अर्ध्यावर मिटतात, तो कायमचा. मी कथनशास्त्र शिकवते. गोष्ट कोण सांगतंय आणि कशासाठी, याची चौकशी करणं हे माझं काम. त्यामुळे कर्जतच्या आमच्या वाचनगटात ही कादंबरी घेतली तेव्हा माझं अर्धं लक्ष पुस्तकाकडे होतं, अर्धं वाचणाऱ्यांकडे. गटात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली माणसं आहेत. इंग्रजी सगळ्यांना सारखं पेलत नाही, म्हणून अवघड प्रकरणं मी मराठीत सांगत गेले. (म्हणजे मध्ये आणखी एक निवेदक येऊन बसली. पण कादंबरीच मुळी अजून जन्माला न आलेल्या भाषेतल्या हस्तलिखिताचा अनुवाद असल्याचा आव आणते, तेव्हा चालून गेलं.)

काळ फार पुढचा. सूर्य विझत चाललाय. सेव्हेरियन हा छळ करणाऱ्यांच्या संघात वाढलेला उमेदवार एका कैदी स्त्रीला दया दाखवतो. त्यापायी त्याला शहर सोडावं लागतं आणि शेवटी तो सिंहासनावर पोचतो. हे तो सुरुवातीलाच सुचवून ठेवतो. आपण काहीही विसरत नाही, हेही तो बजावतो.

आमच्या गटातल्या वकीलबाई इथेच सावध झाल्या. त्यांची वकिली खालापुरात. त्या म्हणाल्या, “ज्याला सगळं आठवतं तो साक्षीदार पढवलेला असतो.” पुढे त्यांनी उलटतपासणीच मांडली. दोन खंडांच्या मधल्या घटना तो गाळतो. आधी न सांगितलेलं मागाहून, गरज पडली की सांगतो. आणि बायकांच्या बाबतीत त्याची स्मरणशक्ती फारच सोयीची आहे!

रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांना हे पटेना. “वकीलबाई, तो खोटं बोलत नाही. त्याला दिसतं, पण कळत नाही.” त्यांनी पुरावाही दिला. सेव्हेरियन एक जुनं चित्र पाहतो: ओसाड वाळवंट, चिलखतातला योद्धा, हातात ताठ निशाण, चेहऱ्याच्या जागी सोनेरी काच आणि तिच्यात वाळवंटाचं प्रतिबिंब. एवढं वर्णन करून तो पुढे निघून जातो. काका थांबले, कारण १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसाचा फोटो त्यांनी तेव्हाच्या वर्तमानपत्रात पाहिला होता. गटातल्या तरुण मुलांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. सेव्हेरियन ज्या मनोऱ्यात वाढला तो मनोरा म्हणजे जुनं अंतराळयान आहे, हेही कुणी सरळ सांगत नाही.

सगळ्यात नाराज होते खोपोलीचे विज्ञानशिक्षक. “मग सांगत का नाही?” हा त्यांचा सवाल. मला तो रास्त वाटतो. मराठी विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांच्या अंगणात वाढली. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली ती याच स्पर्धेला. त्या परंपरेत विज्ञान समजावून सांगणं हा लेखकाचा धर्म आहे. त्या वळणाच्या वाचकाला वुल्फ आडमुठा वाटणारच.

जी. ए. कुलकर्णींची ‘रमलखुणा’ (१९७५) पचवलेल्यांना धूसरतेची भीती नव्हती. पण माझ्या मते तेही चुकले. जी. एं.च्या कथेतला गूढपणा सोडवण्यासाठी नसतोच. त्यात राहायचं असतं. वुल्फ मात्र इंजिनिअर होता. प्रिंगल्सचे वेफर तळणाऱ्या यंत्राच्या जडणघडणीत त्याचा हात होता. त्याच्या धुक्याआड बहुतेक ठिकाणी दात्यात दाता बसलेला असतो. कोण कुणाचं कोण लागतं, हे तिसऱ्या वाचनात सापडतं. नुसत्या वातावरणावर लुब्ध झालेला वाचक हे सगळं हुकवतो.

सेव्हेरियन खोटारडा आहे की भाबडा, यावर आमच्या दोन बैठका गेल्या. मला हा प्रश्नच गौण वाटतो. लिहिताना तो कुठे बसलाय ते पाहावं. तो सिंहासनावर बसून लिहितोय. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. ती लढाई आपण कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तून वाचतो. परमानंद महाराजांच्या पदरचा कवी. म्हणून आपण त्याला खोटा ठरवत नाही. खानाच्या तोंडी त्याने घातलेले शब्द मात्र तोलून घेतो. हे आम्हा मराठी वाचकांना नवं नाही. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी हरवली, तेव्हा हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असं महानुभाव परंपरा सांगते. एकीचं आठवणं दुसऱ्याच्या आठवणीशी जुळलं नाही, तर ते पाठभेद ज्याच्या-त्याच्या नावाने शेजारी-शेजारी नोंदले गेले. सेव्हेरियनच्या शेजारी असा दुसरा पाठ नाही. तो वाचकालाच मनात लिहावा लागतो. वकीलबाई आणि काका भांडत होते ते खरं तर हेच करत होते.

१९८७ साली वुल्फने पाचवं पुस्तक लिहून बरीच कोडी उलगडली. ते वाचावं की नाही, यावर गटात मतदान झालं. शिक्षकांनी हात वर केला, काकांनी केला नाही. वकीलबाईंनी ते आधीच मागवलं होतं. पुरवणी जबाब तपासायचा म्हणून.