गोडं पाणी

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं काळंभोर खोरं. त्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे माझं बालपण. विहिरीत पाणी दिसायचं, पण तोंडात धरवत नसे. पिण्याजोग्या पाण्याला आमच्याकडे ‘गोडं पाणी’ म्हणतात. त्याची घागर घरात आली की माय आधी तिच्यावर झाकण ठेवायची, मगच बोलायची.

2019च्या उन्हाळ्यात मी यांगोनच्या विपश्यना केंद्रात धम्मसेवक होतो. पहाटे चारची घंटा, स्वयंपाकघर, साधकांची ताटं, आणि दहा दिवसांचं शिबिर संपलं की मोकळा दिवस. असाच एक मोकळा दिवस 14 एप्रिलला आला. गावी आंबेडकर जयंतीची मिरवणूक, निळे झेंडे, चौकाचौकात थंड पाण्याचे पिंप. इथे त्याच दिवसांत थिंजान असतो, ब्रह्मदेशी नववर्षाआधीचा जलोत्सव. अख्खं शहर रस्त्यावर होतं. पाईप, बादल्या, डबे. पाणी गटारातून वाहत होतं आणि माझ्या पोटात कालवत होतं.

मायला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अंगावर फेकतेत? मंग प्याले काय ठेवतेत?”

याचं उत्तर मला त्याच संध्याकाळी मिळालं. एका गल्लीत एक म्हातारी आजी समोर आली. तिच्या हातात चांदीचा वाडगा आणि जांभळाच्या कुळातली एक डहाळी होती. तिनं मानेनंच परवानगी विचारली, डहाळी बुडवली आणि माझ्या खांद्यावर चार थेंब शिंपडले. सरत्या वर्षाचा मळ धुवायला तेवढे पुरतात, अशी तिथली श्रद्धा. तिच्या दाराशी फळीवर दोन मातीचे रांजण होते, झाकलेले, वर पेला पालथा घातलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. मी पाणी प्यालो. गोडं होतं. पुढे अशा फळ्या जागोजाग दिसल्या. पाणी पाजणं हे तिथे दान आहे.

मधल्या एका सुट्टीत काबा-ए पगोड्याला गेलो. तिथल्या महापाषाण गुहेत 1954 ते 1956 या काळात सहावी धम्मसंगीती भरली होती. बाबासाहेब डिसेंबर 1954मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला, म्हणजे याच यांगोनला, आले होते. इथून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी त्याच महिन्याच्या 25 तारखेला देहूरोडला बसवली. गुहेच्या गारव्यात बसून मी तो प्रवास उलटा मोजत होतो: रंगून, देहूरोड, आणि मग आमच्या वस्तीतलं पत्र्याचं विहार.

7 मेला अक्षय तृतीया. त्या संध्याकाळी आमच्या तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते. घटात अठरा धान्यं मांडतात. मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. पहाटे काय हललं, काय सांडलं ते पाहून पावसाचं भाकीत सांगतात. भाकितावर माझा विश्वास नाही. पण रात्रभर शेतात एकटी राहिलेली ती घागर मला दूरदेशी फार आठवली. तिच्याकडे डोळे लावून बसलेली माणसं माझीच आहेत.

18 मेला बुद्धपौर्णिमा. गावी खीरदान असतं. ब्रह्मदेशात या दिवशी बोधिवृक्षाला पाणी घालतात, कारण ऐन उन्हाळ्यात झाडाचा घसा सुकतो. श्वेडगोन पगोड्याच्या तापलेल्या फरशीवर बायकांची लांब रांग होती, प्रत्येकीकडे मातीचं मडकं. कुणीतरी माझ्याही हाती एक दिलं. सवयीनं मी त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. माझी पाळी आली तेव्हा तो काढायला वेळ लागला. मागची बाई थांबली, घाई केली नाही. मी थोडं थोडं, मुळाशी, माय शेवग्याला भांड्यांचं धुवण घालते तसं ओतलं.

रात्री फोन केला. तिकडे नळ आला नव्हता.

“आज एका झाडाला घागरभर पाणी घातलं,” मी म्हणालो.

“कोण्या झाडाले?”

“पिंपळाला.”

“मंग ठीक हाय,” माय म्हणाली.