वेळेवर गेले म्हणून

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्याच वर्षी मुलगी दहावीला होती आणि यांच्या टॉवेलच्या कारखान्यात मंदी होती. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या रात्री येई, त्या रात्रीची झोपही जाई. जगावेगळं काहीच नव्हतं. तरी पहाटे छातीत धडधडून जाग येई आणि दिवसभर मुलीवर तोंड सुटे. थायरॉइडसकट सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मानसोपचार करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं.

बाईंनी उपदेश केला नाही. वहीत चार रकाने आखायला लावले : प्रसंग, विचार, भावना, कृती. सराव परीक्षेत मुलीला गणितात कमी गुण मिळाले, तेव्हा मी लिहिलं, ‘माझं लक्ष नाही, हिचं वर्ष वाया जाणार.’ बाईंनी विचारलं, ‘‘कशावरून?’’ उत्तर शोधताना भीती ओसरली आणि त्या संध्याकाळी न ओरडता मी मुलीशेजारी बसले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हेच सांगते : प्रसंगापेक्षा त्याविषयीची आपली धारणा आपल्याला जास्त छळते.

पण सासूबाईंचं अंथरूण धारणा बदलून हलकं होणार नव्हतं. तिथे बाईंनी मदत मागायला शिकवलं. मागायचं वाक्य मी त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं आणि मग घरी बोलले, ‘‘भाऊजी, रविवारी आईंजवळ तुम्ही थांबाल का?’’ ते लगेच हो म्हणाले. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आजारपण, मंदी, पाणी, सगळं तसंच आहे. मला मात्र झोप लागते आणि मुलगी पुन्हा माझ्याशी बोलते.

ही मदत फी परवडणाऱ्यांपुरती राहू नये, असं मला कळकळीनं वाटतं. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा भार माझ्यापेक्षा कमी नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ताप अंगावर काढू नये, हे आपण मुलांना शिकवतो. मनाचा ताणही अंगावर काढू नका. आजार होण्याआधीच जा.